एकच भाव आणि कोकोचा डबा

नव्या शर्टाच्या कॉलरला किमतीचं लेबल लटकत असतं. आपण ते उलटून बघतो, परवडत असेल तर शर्ट घेतो, नसेल तर पुढे सरकतो. गिऱ्हाईक गाडीतून उतरलंय की एसटीतून, याचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही कधीतरी सुरुवात झाली असेल, हे मनातच येत नाही. त्या सुरुवातीचा एक जाडजूड धागा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या काही हट्टी ख्रिस्ती माणसांपाशी जातो. धंदा वाढवण्याचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. खोटं बोलणं पाप आहे आणि भाव सांगणं हेही बोलणंच आहे, एवढ्या साध्या कारणासाठी त्यांनी सगळ्यांना एकच भाव लावला. बाजाराच्या इतिहासात याहून नवलाचं काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

त्या काळी तिकडे कुठल्याही दुकानात शिरलं की घासाघीस ठरलेली. दुकानदार दहा शिलिंग सांगणार, गिऱ्हाईक पाचपासून सुरुवात करणार, शेवटी सात-साडेसातला सौदा पटणार. आठवडी बाजार बघितलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. पहिला आकडा खरा नसतो हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून त्याला कोणी खोटं म्हणत नाही.

जॉर्ज फॉक्स म्हणाला, हे खोटंच आहे. १६२४मध्ये जन्मलेला हा विणकराचा मुलगा, जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केलेला. १६४७च्या सुमारास तो गावोगाव फिरून सांगू लागला की देवाचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या आत आहे. तो प्रकाश दिसायला पाद्री लागत नाही, चर्चची इमारतही लागत नाही. त्याच्यामागे जमलेली माणसं एकमेकांना ‘मित्र’ म्हणत, बाहेरचे लोक त्यांना क्वेकर म्हणू लागले. त्यांची उपासना म्हणजे बाकांवर शांत बसणं. कोणाला आतून काही स्फुरलं तर तो उठून दोन शब्द बोलणार, नाहीतर सगळे शांतच.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात शपथ घेऊ नका, साधं होय किंवा नाही म्हणा, असं सांगितलं आहे. बहुतेक ख्रिस्ती माणसं हे वाक्य वाचून पुढे जात. क्वेकर तिथेच अडून बसले. कोर्टात बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची म्हणजे एरवी आपण खरं बोलतोच असं नाही, हे कबूल करायचं. त्यांनी शपथा नाकारल्या, दंड भरले, तुरुंगात गेले. आणि मग हाच नियम त्यांनी दुकानाच्या फळीवर लावला. सात शिलिंगला द्यायची वस्तू दहाला सांगितली तर ‘दहा’ हा शब्द उच्चारताना मी खोटं बोललो. म्हणून एकच आकडा सांगायचा, तोही पहिल्यांदाच, आणि समोर उमराव असो की त्याचा मोलकरी, तोच सांगायचा.

सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं. एक तर हे लोक कोणापुढे टोपी काढत नसत, सरदारालाही एकेरी हाक मारत, आणि वर भाव करू देत नसत. पण काही वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की या दुकानात लहान मुलाला पैसे देऊन पाठवलं तरी ते फसत नाही. फॉक्सने आपल्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं आहे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ज्याला भाव करता येत नाही, जो अडाणी, लाजाळू किंवा परका आहे, त्याला घासाघिशीच्या बाजारात नेहमी जास्त मोजावे लागतात. एकच भाव ठेवल्यावर पहिला फायदा झाला तो त्याचा.

पुढचा भाग बराचसा इंग्लंडच्या कायद्याने घडवला. राजाच्या चर्चशी निष्ठेची अट असल्यामुळे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं या लोकांना बंद होती; ती अडचण १८७१मध्ये कायद्याने दूर झाली. शपथ नाही म्हणून वकिली नाही, शस्त्र धरायचं नाही म्हणून फौज नाही. उरला व्यापार. बार्कलेज आणि लॉइड्स या बँका क्वेकर घराण्यांतून आल्या, क्लार्क्सचे जोडे आणि हंटले अँड पामर्सची बिस्किटंही. क्वेकरांच्या मासिक सभा आपल्या सभासदांच्या धंद्यावर बारीक नजर ठेवत. कोणी दिवाळं काढलं तर त्याला समाजातून काढून टाकत, कारण परत करता येणार नाही असं कर्ज घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर जुगार. तुरुंगातल्या बायकांसाठी आयुष्य वेचणारी एलिझाबेथ फ्राय जगाला माहीत आहे. तिच्या नवऱ्याची बँक १८२८मध्ये बुडाली, तेव्हा त्यालाही या नियमातून सूट मिळाली नाही.

आता एक भावाने दुकानाचं काय केलं ते पाहा. भाव करायचा तर समोर मालकच हवा. माल कितीला पडला, किती खाली उतरायचं, हे त्यालाच ठाऊक असतं. म्हणून दुकान मालकाच्या नजरेच्या टप्प्याएवढंच राहतं. किंमत लिहून ठेवली की कालच कामाला लागलेला पोरगाही माल विकू शकतो. असे पाचशे पोरगे ठेवले तर दुकान पाच मजली होऊ शकतं. शिवाय काही विचारलं की घ्यावंच लागेल ही धास्ती जाते; माणूस नुसता बघत हिंडू शकतो. मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स उभी राहिली ती याच पायावर, पॅरिसमध्ये बाँ मार्शे आणि क्वेकरांनी वसवलेल्या फिलाडेल्फियात जॉन वानामेकरचं दुकान. वानामेकर क्वेकर नव्हता, प्रेस्बिटेरियन होता, आणि शहरात मोठी रविवारची शाळा चालवत असे. १८७६मध्ये त्याने रेल्वेच्या जुन्या मालगोदामात आपलं प्रचंड दुकान उघडलं. त्याच गोदामात आदल्या हिवाळ्यात डी. एल. मूडी या सुवार्तिकाच्या सभा भरल्या होत्या, हजारो लोकांच्या. पुढे त्याने नवी इमारत बांधली, तिच्या मधल्या चौकात हजारो नळ्यांचा ऑर्गन बसवला आणि १९११पासून खरेदीला आलेली माणसं तो ऐकू लागली. देवळात आणि दुकानात किती थोडं अंतर उरलं होतं, हे त्या चौकात उभं राहिल्यावर कळत असणार.

मला इथे दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. एक भाव ही श्रद्धेने बाजाराला दिलेली देणगी होती. आणि तिच्यामुळेच हौसेखातर खरेदी करणं इतकं सोपं झालं की साधेपणाचं व्रत घेतलेल्या त्या पहिल्या माणसांना त्याची कल्पनाही आली नसती. लेबल ‘किती’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देतं. ‘कुठून’ आणि ‘कोणी’ या प्रश्नांबद्दल ते गप्प असतं. ते प्रश्न विचारायला आणखी एक माणूस यावा लागला, तोही एक दुकानदार.

जॉन वुलमन १७२०चा, न्यू जर्सीतला. विशीत तो माउंट हॉली गावात एका दुकानात हिशेबनीस होता. एके दिवशी मालकाने सांगितलं, आपल्याकडची नीग्रो बाई विकली आहे, विक्रीखत लिही. विकत घेणारा म्हातारा, क्वेकरच, समोर बसलेला. वुलमनने ते लिहिलं, आणि लिहिता लिहिता दोघांना सांगितलं की गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं मला वाटतं. पण कागद त्याच्या अक्षरात होता. त्यानंतर आयुष्यभर ते त्याला सलत राहिलं. पुढे कोणी मृत्युपत्र लिहून घ्यायला आलं आणि त्यात गुलामांची वाटणी असली की तो लिहायला नकार देई.

शिंपीकाम करता करता त्याने कापडचोपड विकायला सुरुवात केली. दुकान चाललं, जोरात चाललं. गोरगरीब गिऱ्हाईक उधारीवर झेपणार नाही असा माल मागू लागलं की तो त्यांना स्वस्त आणि टिकाऊ वस्तू घ्यायला सांगे. तरी गल्ला भरतच गेला. छत्तिशीत त्याने जे केलं ते मी पुन्हा पुन्हा वाचतो: धंदा वाढतोय, माझं मन त्यात गुंततंय, असं म्हणून त्याने तो मुद्दाम आवरता घेतला. गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवलं, म्हणजे त्यांना दुसरं दुकान बघायला वेळ मिळावा. मग शिंपीकाम आणि सफरचंदाची रोपवाटिका, एवढ्यावर घर चालवलं.

त्यानंतर त्याने एकेक वस्तू हातात घेऊन ती उलगडायला सुरुवात केली. साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येते आणि तिथे गुलाम मरतात, म्हणून साखर सोडली. रंगवलेलं कापड सोडलं. रंगाने मळ झाकला जातो, धुतला जात नाही, असं त्याचं म्हणणं. न रंगवलेल्या लोकरीचे कपडे आणि नैसर्गिक रंगाच्या फरची हॅट घालून तो सभेला जाऊ लागला. गंमत अशी की त्याच सुमारास तशाच फिक्या रंगाच्या हॅटची फॅशन आली होती, आणि काही क्वेकरांना वाटलं हा छानछोकी करायला लागला. कोणी नीट बोलेना. वुलमनने हे दुःख लिहून ठेवलं आहे, पण हॅट बदलली नाही. गुलाम असलेल्या घरी मुक्काम करावा लागला तर निघताना तो गुलामांना द्यायला चांदीची नाणी देऊन जाई, फुकट सेवा घेतली असं होऊ नये म्हणून.

१७७२मध्ये तो इंग्लंडला निघाला. जहाजाच्या केबिनला बाहेरून नक्षीकाम होतं. त्या नक्षीचा खर्च भाड्यात धरला आहे, तो मी द्यावा का, असा विचार करून तो खाली खलाशांच्या कोंदट जागेत राहिला. इंग्लंडमध्ये घोडागाडीत बसला नाही. वेळ गाठण्यासाठी घोडे मरेपर्यंत पळवतात आणि रात्रीच्या थंडीत गाडीवरची पोरं काकडून मरतात, असं त्याने ऐकलं होतं. त्या गाड्यांनी माझ्या नावे पत्रंही पाठवू नका, असं त्याने मित्रांना कळवलं. लंडनपासून यॉर्कपर्यंत तो पायी गेला.

वाटेत त्याने भाव टिपून ठेवले. लंडनच्या बाजूच्या परगण्यांत मजुराची रोजी दहा पेन्स. गव्हाचा भाव बुशेलला आठ शिलिंग. आठ शिलिंग म्हणजे शहाण्णव पेन्स, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलो गव्हासाठी जवळजवळ दहा दिवसांची मजुरी. मटण, लोणी, चीज, गरिबाच्या खोलीचं वर्षाचं भाडं, सगळं त्याने विचारून लिहिलं. क्वेकर दुकानदाराने किमती लिहायला सुरुवात केली ती गिऱ्हाइकासाठी. वुलमनने त्याच किमती मजुराच्या बाजूने वाचल्या. हे कोणा अर्थशास्त्रज्ञाने शिकवलेलं नव्हतं. ॲडम स्मिथचा ग्रंथ यायला अजून चार वर्षं होती. ऑक्टोबरमध्ये यॉर्कला देवी येऊन वुलमन गेला.

त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत एका माणसाचं हे वेड लाखो माणसांपर्यंत पोचलं. एप्रिल १७९१मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा खासदार विल्बरफोर्सचा ठराव ब्रिटिश संसदेने ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या लेखकाने एक पातळशी पुस्तिका काढली. तिच्यात गणित होतं: आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने साखर आणि रम सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचेल. गणित कितपत काटेकोर होतं यावर वाद घालता येईल. पण चहात साखर घालणाऱ्या बाईला आपल्या चमच्यापासून दूरच्या मळ्यातल्या एका माणसापर्यंतचं अंतर पहिल्यांदा मोजून मिळालं. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांच्या हाती घरचा किराणा होता आणि त्यांनी तो वापरला. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी साखर टाकली. पुढे १८२०च्या दशकात हीच मोहीम पुन्हा उठली, तेव्हा क्वेकर झालेली एलिझाबेथ हेरिक लेस्टर शहरात दारोदार फिरली. ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली’ असं लिहिलेली साखरेची भांडी टेबलांवर आली.

ती साखर मुख्यतः बंगालची. इथे मला थांबावंसं वाटतं. १७७०च्या दुष्काळात माणसं मरत असताना कंपनी सरकारने सारा वसूल करणं सोडलं नव्हतं, तोच हा बंगाल. भांड्यावरचं वाक्य खोटं नव्हतं. मात्र ज्या शेतातून ती साखर आली तिथल्या कुळाच्या ताटात काय होतं, हे त्या टेबलावर फारसं कोणी विचारलं नाही. एक अन्याय डोळ्यांसमोर आला की दुसरा मागे जातो, आणि भल्या माणसांच्या बाबतीतही तसंच होतं.

याचा सर्वांत जाणवणारा दाखला चॉकलेटचा आहे. १८२४मध्ये जॉन कॅडबरीने बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान उघडलं. चहा, कॉफी आणि कोको विकायचा, म्हणजे लोक दारू सोडतील, ही त्याची धारणा. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउनट्री हेही क्वेकर, हेही कोकोवाले. त्या काळी कोकोत साबुदाणा, बटाट्याचं पीठ, प्रसंगी विटांची भुकटीही मिसळत. कॅडबरीच्या मुलांनी, रिचर्ड आणि जॉर्जने, १८६६मध्ये भेसळ नसलेला कोको बाजारात आणला आणि शुद्धता हीच जाहिरात केली. १८७९मध्ये शहराच्या धुरातून कारखाना बाहेर नेला, बोर्नव्हिल नावाची वसाहत उभी केली, घरांना बागा दिल्या, दारूचा गुत्ता येऊ दिला नाही. आणि ज्या पंथाने परंपरेने नाताळ किंवा ईस्टर वेगळे सण म्हणून पाळले नाहीत, कारण सगळेच दिवस देवाचे, त्याच पंथाच्या या भावांनी रंगीत चित्रांची चॉकलेटची पेटी काढली आणि १८७५मध्ये ईस्टरचं चॉकलेटचं अंडं. आज जगभर ईस्टरची जी खरेदी चालते तिचं एक मूळ शोधत गेलं तर सण न पाळणाऱ्या माणसांपाशी पोचतो, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

१९०१मध्ये विल्यम कॅडबरी, पुढच्या पिढीचा, त्रिनिदादला गेला असताना त्याच्या कानावर आलं की साओ टोमेमध्ये गुलाम आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर असलेलं हे पोर्तुगीजांचं बेट, आणि कंपनीच्या कोकोचा मोठा हिस्सा तिथून येई. त्याच सुमारास तिथल्या एका विक्रीला काढलेल्या मळ्याची यादी कंपनीकडे आली. तिच्यात इतर मालमत्तेबरोबर मजुरांचीही किंमत लावलेली होती. कागदावर पोर्तुगालने गुलामगिरी केव्हाच बंद केली होती. अंगोलातून आणलेल्या माणसांशी पाच वर्षांचा करार होई. पण परत घरी जवळजवळ कोणी जात नसे.

कंपनीने काय केलं? चौकशी. पत्रव्यवहार, पोर्तुगीज सरकारशी बोलणी, मग १९०५मध्ये जोसेफ बर्ट या क्वेकराला पाठवणं. त्याआधी त्याला पोर्तुगीज भाषा शिकवली. तो दोन वर्षं फिरला, अहवाल आला. तोपर्यंत हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराचं त्याच विषयावरचं पुस्तक छापून झालं होतं. खरेदी थांबली मार्च १९०९मध्ये. मधली आठ वर्षं कोको येतच राहिला. ‘स्टँडर्ड’ या वर्तमानपत्राने यावर जळजळीत लेख लिहिला, कंपनीने अब्रूनुकसानीचा दावा लावला. साक्षीच्या पिंजऱ्यात विल्यम कॅडबरीला समोरचे वकील एडवर्ड कार्सन यांनी विचारलं की या आठ वर्षांत तुमचा कोको तयार करताना किती गुलाम मेले, याचा काही अंदाज तुम्ही बांधला आहे का. नाही, एवढंच उत्तर होतं. ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

या माणसांना ढोंगी म्हणून मोकळं होता येत नाही, म्हणून हे प्रकरण मला झोंबतं. ते खरोखर प्रामाणिक होते. तडकाफडकी खरेदी बंद केली तर पोर्तुगालवर दबाव आणण्याचा आपला हात जाईल, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात तथ्यही असेल. पण वुलमनने नक्षीकाम बघून केबिन सोडली, तेव्हा त्याने असा हिशेब केला नव्हता. ज्याच्या डोक्यावर हजारो कामगारांचा पगार आहे त्याला तसं वागणं अवघड असतं, आणि धंदा फार वाढू द्यायचा नाही असं वुलमन म्हणाला तो बहुधा यासाठीच.

कंपनी पुढे गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली. १९४८मध्ये ती भारतात आली, पुढे ठाण्यात तिचा कारखाना उभा राहिला. पूर्व द्रुतगती मार्गावरचा चौक आजही कॅडबरी जंक्शन म्हणूनच ओळखला जातो. आता कंपनीचे मालक अमेरिकेत आहेत. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानामधून येतो आणि तिथल्या मळ्यांत लहान मुलं राबतात, ही तक्रार मिटलेली नाही. १९८८मध्ये फ्रान्स व्हान डर होफ या डच पाद्र्याने आणि निको रोझेनने हॉलंडमध्ये कॉफीच्या पाकिटावर रास्त व्यापाराचा शिक्का आणला. मेक्सिकोच्या डोंगरातल्या कॉफी उत्पादकांनी त्या पाद्र्याला सांगितलं होतं की दान नको, योग्य भाव हवा. शेतकरी संघटनेच्या सभांना गेलेल्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. ब्रिटनमध्ये हा शिक्का मिळालेली पहिली वस्तू १९९४मध्ये आली. ती चॉकलेटच होती.

पण या सगळ्याच्या कितीतरी आधी, कोकोचा एक डबा वर्ध्यात उघडला गेला होता. तो उघडणारा माणूस ख्रिस्ती होता आणि हिशेबनीसही.

जोसेफ कॉर्नेलियस १८९२मध्ये तंजावरला जन्मला. लंडनमध्ये चार्टर्ड अकाउंटंट झाला, मुंबईत स्वतःची हिशेबतपासनीसाची पेढी चालवली, अमेरिकेत जाऊन सार्वजनिक वित्तव्यवहार शिकला. १९२९मध्ये साबरमतीला गांधीजींना भेटला आणि पुढचं आयुष्य बदललं. घराण्याचं जुनं नाव परत घेतलं: जे. सी. कुमारप्पा. १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्यांचं ठाणं झालं. तिथे घाण्याचं तेल, हातकागद, हातसडीचे तांदूळ, मधमाश्या असे प्रयोग चालत.

‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट’ या पुस्तकात त्यांनी कोकोचा डबा घेतला आणि लेखापालाने खतावणी तपासावी तसा तो तपासला. कोको आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आला, तिथे सक्तीची मजुरी आहे. समुद्रमार्गांवर आरमाराचा पहारा आहे, म्हणजे त्यात हिंसा आहे. इंग्लंडच्या कारखान्यात कमी पगारावर माणसं राबली. भारतात तो उतरला तेव्हा जकात त्याच्या सोयीची होती, कारण देश गुलाम आहे. मग तो डबा विकत घेणाऱ्याच्या खात्यावर यातलं काय काय मांडायचं? कुमारप्पांचं उत्तर: सगळं. पैसे देऊन वस्तू घेतली की तिच्या मागच्या प्रत्येक व्यवहारात तुम्ही भागीदार झालात.

त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आजही पचायला जड आहे. एवढ्या लांबच्या व्यवहारांची जबाबदारी कोणालाच नीट पेलता येणार नाही. म्हणून ज्याची घडण आपल्याला डोळ्यांनी बघता येईल अशा जवळच्या माणसाकडून शक्य तितकं घ्यावं. स्वदेशीचं हे कारण देशप्रेमापेक्षा वेगळं आहे. यात परक्याचा द्वेष नाही, स्वतःच्या खात्यावर डोळ्यांआड साचत जाणाऱ्या देण्याची धास्ती आहे. न्यू जर्सीचा शिंपी आणि वर्ध्याचा लेखापाल यांच्यात दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, तरी दोघं एकच वही लिहीत होते असं वाटतं.

१९४२नंतर कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि आचरणावर, दुसरं चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी निसर्गातल्या जीवनपद्धती पायऱ्यांनी मांडल्या आहेत. खाली परोपजीवी, जो ज्याच्यावर जगतो त्यालाच मारतो, आणि सर्वांत वर सेवा, जिचं उदाहरण म्हणून आई येते. ग्रंथालयात यातलं एक पुस्तक धर्माच्या कपाटात सापडतं आणि दुसरं अर्थशास्त्राच्या. मिळाली तर एकापाठोपाठ वाचावीत, आणि आधी येशूवरचं.